टाकलेल्या कोंड्याचा इतिहास

मराठीत ‘कोंड्याचा मांडा करणे’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. घरात चांगलेचुंगले काही नसताना आहे त्या निकृष्ट जिनसातून जी गृहिणी चार माणसांचे पान गोड करते, तिच्या सुगरणपणाचा गौरव या शब्दांत केला जातो. ‘भुकेला कोंडा नि निजेला धोंडा’ ही म्हणही आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या दोन्ही ठिकाणी कोंडा म्हणजे दारिद्र्याची खूण होय. ज्याला दुसरे काही मिळत नाही त्याने कोंडा खावा, आणि ज्याला मिळते त्याने तो गुरांपुढे टाकावा, अशीच आपली सर्वांची समजूत आहे. परंतु सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच टाकलेल्या कोंड्याने आशियातील असंख्य माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न उभा केला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मनुष्याच्या आहाराविषयीचे एक नवे शास्त्र जन्माला आले. भात हेच ज्यांचे मुख्य अन्न, अशा आपल्या किनारपट्टीवरील कुटुंबांनी तरी ही हकीकत माहीत करून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

भाताच्या दाण्याची रचना आपल्यापैकी शेतकरी कुटुंबांना नव्याने सांगावयास नको. सर्वांत बाहेर तूस, त्याच्या आत तांबूस कोंड्याचा पातळ पापुद्रा, एका टोकाला इवलासा अंकुर आणि मध्यभागी पांढरा पिठूळ गाभा. पूर्वी घरोघरी उखळात मुसळाने भात सडला जाई. सुपाने पाखडून तूस बाजूला काढले, तरी दाण्याला कोंड्याचा बराचसा अंश चिकटून राही. हेच ते हातसडीचे तांदूळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या निघाल्या आणि तांदूळ घासून पुसून मोत्यासारखा शुभ्र करणे सोपे झाले. या शुभ्रतेमागे केवळ डौल नव्हता. कोंड्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे हातसडीचा तांदूळ काही महिन्यांत खवट होतो. सडून शुभ्र केलेला तांदूळ मात्र गोदामांत आणि जहाजांवर दीर्घकाळ टिकतो. म्हणूनच सैन्ये, तुरुंग, खाणी आणि मळे यांचे शिधापुरवठेदार पांढरा तांदूळ पसंत करू लागले. तो ज्यांच्या ताटात पडणार, त्यांना कोणी विचारले नव्हते.

याच सुमारास एका जुन्या रोगाने उग्र रूप धारण केले. त्याचे नाव बेरीबेरी. डच वैद्य याकोब बाँटियस याने सतराव्या शतकात, जावा बेटावरील बटाव्हिया येथे असताना, या रोगाचे वर्णन करून ठेवले होते. प्रथम पाय जड होतात, पोटऱ्या दुखतात, तळव्यांची संवेदना जाते आणि चाल लडखडते. काही रोग्यांच्या अंगावर सूज चढते, छातीत धडधड होते आणि हृदय अकस्मात थांबते. धडधाकट तरुण माणूस दोनचार दिवसांत दगावावा, आणि शेजारच्या दुसऱ्याला काहीच होऊ नये, यामुळे लोक भयभीत होत. हवेतील विष, ओलसर जमीन, अंगी शिरलेला जंतू, अशी नाना कारणे सांगितली जात.

जपानमध्ये या रोगाला ‘एदोचे दुखणे’ असेही एक नाव होते. एदो म्हणजे आजचे टोकियो शहर. खेड्यातून राजधानीत आलेला माणूस पांढरा भात खाऊ लागे आणि आजारी पडे. गावी परतून जाडेभरडे धान्य पोटात गेले की बरा होई. लोकांच्या ध्यानात आलेली ही गोष्ट वैद्यांच्या ध्यानात यावयास मात्र फार काळ लागला. ताकाकी कानेहिरो हा जपानी आरमाराचा डॉक्टर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकून १८८० साली मायदेशी परतला, तेव्हा आरमाराच्या रुग्णालयांत बेरीबेरीचे रोगी दाटीवाटीने भरलेले होते. १८८२-८३ मध्ये ‘र्‍युजो’ नावाचे शिक्षणनौकेचे जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई असा लांबचा प्रवास करून आले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण मरण पावले. ताकाकीने सरकारकडे आग्रह धरला की, दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवावे, परंतु त्यावरील शिधा बदलावा. त्याप्रमाणे १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे जहाज निघाले. खलाशांना भाताबरोबर जव, मांस, दूध आणि कडधान्ये देण्यात आली. ते जहाज परतले तेव्हा बेरीबेरीने एकही मृत्यू झालेला नव्हता. जे थोडे आजारी पडले, त्यांतील बहुतेकांनी नवा शिधा खाण्याचे टाळले होते. पुढे दोनतीन वर्षांत आरमारातून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला.

येथे एक गंमत नमूद केली पाहिजे. ताकाकीची कृती बरोबर होती, परंतु त्याने दिलेले कारण चुकीचे होते. भातात प्रथिने कमी असतात म्हणून रोग होतो, अशी त्याची समजूत होती. त्याचे कारण पटत नाही म्हणून जपानी भूदलाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याची कृतीही नाकारली. ते जर्मन परंपरेत वाढलेले होते आणि रोग म्हटला की जंतू असलाच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेला मोरी ओगाई हाही त्यांच्यापैकीच एक. सैनिकाला पोटभर शुभ्र भात मिळणे हा तेथे मानाचा भाग समजला जाई. परिणामी १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात सुमारे २७ हजार जपानी सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर बेरीबेरीने मेले. एका विद्वान हट्टाची ही किंमत होती, आणि ती ज्यांनी मोजली ते शेतकऱ्यांचे मुलगे होते.

याच काळात जावा बेटावर दुसरे एक प्रकरण घडत होते. सुमात्रातील आचे प्रांतात डच सैन्य दीर्घकाळ लढत होते आणि त्यातील शिपाई बेरीबेरीने जर्जर झाले होते. १८८६ साली हॉलंड सरकारने तज्ज्ञांचे एक मंडळ तिकडे पाठविले. त्यांच्याबरोबर ख्रिस्तियान आइकमन हा तरुण डॉक्टर होता. त्याने बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली जंतुशास्त्राचा अभ्यास केला होता. मंडळ परत गेले, आइकमन बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयातील छोट्या प्रयोगशाळेत जंतू शोधीत मागे राहिला. जंतू काही सापडेना. एके दिवशी प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्याच लडखडू लागल्या. त्यांचे पाय लुळे पडले, माना वाकड्या झाल्या. जंतू टोचलेल्या कोंबड्यांप्रमाणे न टोचलेल्यांचीही तीच गत झाली. आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या!

चौकशीअंती जो उलगडा झाला, तो पुढे आइकमननेच जगाला सांगितला. कोंबड्यांना चारा म्हणून रुग्णालयाच्या भटारखान्यातील उरलेला शिजवलेला पांढरा भात घातला जात होता. मध्यंतरी आचारी बदलला. लष्कराचा उंची तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांनी का खावा, असा रास्त प्रश्न या नव्या आचाऱ्याला पडला, आणि त्याने भात देण्याचे बंद केले. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासहित तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. त्या आचाऱ्याचे नाव इतिहासाने जपून ठेवलेले नाही. तथापि त्याच्या काटकसरीचे वैद्यकशास्त्रावर मोठे ऋण आहे, हे मान्य करावे लागेल.

कोंबड्यांचे खरे, पण माणसांचे काय? जावामधील आरोग्य खात्याचा अधिकारी आडोल्फ फोर्डरमन याने ही शंका निवारण्याचे काम अंगावर घेतले. जावा आणि मदुरा येथील १०१ तुरुंगांतील सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांची त्याने माहिती गोळा केली. स्थानिक रिवाजाप्रमाणे कोणत्या तुरुंगात कोणता तांदूळ दिला जातो, हे तपासले. जेथे शुभ्र तांदूळ दिला जाई, तेथे दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता. जेथे कोंड्यासहित तांदूळ मिळे, तेथे हे प्रमाण १० हजारांत एक इतके अल्प होते. तुरुंगाची इमारत जुनी की नवी, हवेशीर की कोंदट, याने काही फरक पडत नव्हता. ताटातील भाताचा रंग तेवढा निर्णायक होता.

तरीही आइकमनला वाटे की, पांढऱ्या भातात काही विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा. १९०१ साली त्याचा उत्तराधिकारी खेरित ग्राइन्स याने खरा मुद्दा मांडला. अन्नात विष नाही, अन्नात एक अत्यावश्यक वस्तू नाही, म्हणून रोग होतो, असे त्याचे म्हणणे होते. आज हे वाक्य आपल्याला साधे वाटते. पण पाश्चर आणि कॉख यांच्या विजयाने दिपलेल्या त्या युगात, माणूस एखाद्या गोष्टीच्या अभावामुळेही मरू शकतो, ही कल्पनाच क्रांतिकारक होती. ‘शरीरात काय शिरले?’ असे सारे विचारीत होते. ‘शरीरात काय गेलेच नाही?’ हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. १९१२ साली लंडनमध्ये कासिमिर फंक याने अशा वस्तूंना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. १९२६ साली यान्सन आणि डोनाथ या दोघांनी बटाव्हियाच्याच प्रयोगशाळेत कित्येक किलो कोंड्यातून त्या वस्तूचे चिमूटभर शुद्ध स्फटिक वेगळे केले. त्यालाच आज आपण जीवनसत्त्व ब-१ अथवा थायमिन म्हणतो. १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. मलायात त्या काळी चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने आजारी पडत, तर दक्षिण भारतातून गेलेले तमिळ मजूर त्याच मुलखात राबत असूनही या रोगापासून बहुतांशी मुक्त असत. दोघांचाही तांदूळ गिरणीतलाच, मग हा भेद का? उत्तर असे की, तमिळ मजूर उकडा तांदूळ खात होते. विल्यम फ्लेचर या डॉक्टरने क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात १९०५ पासून वर्षभर याची परीक्षा पाहिली. रुग्णांचे दोन गट पाडून एकाला सयामी पांढरा तांदूळ आणि दुसऱ्याला उकडा तांदूळ देण्यात आला. पहिल्या गटातील १८ जण बेरीबेरीने दगावले, दुसऱ्यातील एकही नाही. ज्यांना संमती विचारली जाण्याचा प्रश्नच नव्हता, अशा दुबळ्या माणसांवर हा प्रयोग झाला, हेही आपण विसरता कामा नये.

उकडा तांदूळ म्हणजे काय, हे कोकणात आणि गोव्यात कोणाला विचारावे लागत नाही. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला की तो तयार होतो. भात वाफवताना कोंड्यातील आणि अंकुरातील थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि तेथेच मुरते. पुढे गिरणीने कोंडा काढून टाकला, तरी त्यातला बराचसा ठेवा दाण्यात शिल्लक राहतो. सकाळी न्याहारीला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला सुक्या मासळीचा तुकडा अथवा लोणच्याची फोड घेऊन शेतावर जाणाऱ्या आपल्या पूर्वजांना थायमिन हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु पेज टाकून न देता ती पिण्याची त्यांची रीत शास्त्राला धरून होती, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुतला आणि भात वेळून पाणी ओतून दिले, तर त्याबरोबर तेही निघून जाते.

फिलिपाइन्समधील कथा याहून हृदयद्रावक आहे. मनिला येथे पांढऱ्या भातावर राहणाऱ्या मातांची अंगावर पिणारी गुटगुटीत दिसणारी बाळे दोनचार महिन्यांची होताच तडकाफडकी मरत. आईच्या दुधातच ते जीवनसत्त्व नव्हते. १९१० च्या सुमारास एडवर्ड व्हेडर या लष्करी डॉक्टरने कोंड्याचा अर्क काढून रॉबर्ट विल्यम्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे दिला. त्या अर्काचे थेंब जिभेवर पडताच मरणोन्मुख बालके काही तासांत टवटवीत झालेली विल्यम्सने पाहिली, आणि त्याने आपले उर्वरित आयुष्य या एका वस्तूच्या शोधाला वाहिले. १९३६ साली त्याने थायमिन कृत्रिमरीत्या तयार केले. हा विल्यम्स आपल्या देशात, नेल्लोर येथे, एका मिशनरी कुटुंबात १८८६ साली जन्मला होता.

भारतातही या रोगाचा अभ्यास चालू होता. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी पाश्चर संस्थेच्या एका खोलीत बेरीबेरीच्या चौकशीचे केंद्र सुरू केले. त्याच खोलीतून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. मुंबईचा संबंध मात्र दुसऱ्या एका शोधाशी आहे. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. येथील गिरणी कामगारांच्या वस्त्यांतील गरोदर स्त्रियांना एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होऊन त्यात अनेकींचा अंत होत असे. हाफकिन संस्थेत काम करून विल्सबाईंनी या स्त्रियांच्या ताटात काय असते आणि काय नसते, हे पाहिले. अखेर मार्माइट या स्वस्त पदार्थाने त्यांचे रुग्ण बरे होऊ लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मार्माइट कशाचे होते? बिअरच्या कारखान्यात तळाशी उरणाऱ्या यीस्टच्या गाळाचे! पुन्हा एकदा, टाकाऊ म्हणून बाजूला सारलेल्या वस्तूतच जीवन दडलेले होते. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. गर्भारपणाआधीपासून ते घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. आज प्रत्येक गरोदर स्त्रीच्या हाती पडणाऱ्या गोळीमागे परळ-लालबागच्या चाळींतील त्या अनाम स्त्रिया उभ्या आहेत.

हा सारा इतिहास झाला, आता बेरीबेरी कोठे आहे, असे कोणी विचारील. मिश्र आहारामुळे तो रोग आपल्याकडे दुर्मीळ झाला, हे खरेच. परंतु त्याची एक वाट अजून उघडी आहे आणि ती पेल्यातून जाते. १८८१ साली कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरने मेंदूच्या एका विकाराचे वर्णन केले. त्यात डोळे स्थिर राहत नाहीत, तोल जातो आणि भ्रम होतो. हा विकार मुख्यत्वे अतिमद्यपान करणाऱ्यांना होतो आणि त्याचे मूळ थायमिनच्या अभावात आहे, हे मागाहून कळले. शरीरातील थायमिनचा साठा दोनतीन आठवडेच पुरतो. रोज पिणारा माणूस जेवत नाही, आणि जे खातो त्यातील थायमिन दारूमुळे आतड्यात नीट शोषले जात नाही. वेळीच इंजेक्शन मिळाले तर रोगी सावरतो. उशीर झाला तर स्मृती कायमची हरवते, आणि बायकोमुलांची नावेही आठवेनाशी होतात. लग्नकार्यात, सणासुदीला पेला पुढे करणे हे आपल्या समाजात आदरातिथ्य मानले जाते. ‘थोडीशी घेतल्याने काय होते’ असे म्हणणाऱ्यांनी, त्या थोड्याशापासून निघालेली एखादी वाट कोठवर जाते, हे आपल्याच आळीत डोळे उघडून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

दुसरीकडे पांढऱ्या रंगाचा मोह आजही ओसरलेला नाही. शुभ्र तांदूळ, मैद्याचा पाव, पांढरी साखर. पूर्वी अभावाने मारणारे ताट आज अतिरेकाने मारू लागले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज वर्तविला गेला. देशात प्रौढांमधील प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. याचे खापर एकट्या तांदळावर फोडणे अन्यायाचे होईल. बैठी राहणी, वाढलेले वजन, आनुवंशिकता अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. हातसडीचा तांदूळ खाल्ला म्हणून भाताचा डोंगर रिचवावा, असेही नाही. पण ज्या पूर्वजांनी ताटभर भात खाल्ला, त्यांनी दिवसभर नांगर धरला होता, वल्ही मारली होती. आपण भात तेवढाच ठेवला आणि नांगर सोडून दिला.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. उखळापुढे पहाटेपासून मुसळ उचलणाऱ्या बाईच्या खांद्यांना विचारावे, म्हणजे गिरणीने तिच्यावर केवढे उपकार केले ते समजेल. प्रश्न यंत्राचा नाही. ते यंत्र कोठे थांबवावे, याचा आहे. गिरणीवाल्याला ‘जास्त पॉलिश नको’ एवढे सांगणे, उकडा तांदूळ गरिबाचा म्हणून न हिणवणे, भाताच्या जोडीला डाळ, लाल माठ किंवा मेथीची भाजी आणि मासळी यांचे माप वाढवणे, आणि नाचणीला पुन्हा घरात घेणे, यासाठी कोणाला उखळ काढावे लागत नाही.

या इतिहासातील एक सूत्र मात्र आमच्या मनात घर करून राहिले आहे. जहाजावरील खलाशी, छावणीतील शिपाई, तुरुंगातील कैदी, इस्पितळातील वेडे, चाळीतील गरोदर स्त्री आणि आईच्या कुशीतील तान्हे मूल, यांपैकी कोणीही आपले अन्न स्वतः निवडलेले नव्हते. निवड दुसऱ्याची होती, मरण त्यांचे होते. आपल्यापैकी कोणी वसतिगृहाचा भटारखाना चालवतो, कोणी शाळेतल्या मुलाचा डबा भरतो, कोणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पान वाढतो, कोणी मांडवातल्या पंगतीचा बेत ठरवतो. ज्याच्या हाती पळी आहे, त्याच्या हाती दुसऱ्याचे आयुष्य थोडेफार असतेच. भात निवडताना आपण खडे काढतो, तेव्हा खाणाऱ्याचा दात जपतो. त्याच काळजीने आपण काय काढून टाकतो आणि काय ठेवतो, याकडेही पाहिले, तर त्या २७ हजार सैनिकांचे मरण अगदीच वाया गेले, असे होणार नाही.